मामांची हेडर फाइल

सी या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅमच्या माथ्यावर एकेका ओळीनं ज्या हेडर फायली मागवतात, त्यांचा क्रम कुणी बदलायला गेलं, की मामांसारखा शांत माणूस समोरून की-बोर्डच ओढून घ्यायचा. लातूरच्या आमच्या छोट्या कारखान्यात डाळमिलांचे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनत. त्यांच्या आतला प्रोग्रॅम मामांनी लिहिलेला. वयानं थोरले, म्हणून मालक सोडून सगळे त्यांना मामाच म्हणत.

"पोरी, हात लावू नको. वरची ओळ खाली गेली की समदं ढासळतंय," नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं.

खोटं नव्हतं ते. प्रत्येक फाइल आधीच्या फायलीच्या जिवावर उभी, आणि कोणती कुठे हे फक्त मामांना ठाऊक. त्यात सोळा बिटांच्या आकड्याच्या एकाच प्रकाराला चार नावं. नोकरीला आलेल्या प्रत्येकानं आपलं एक नाव घुसडलं आणि पुण्याला निघून गेला. मामांनी एकही पुसलं नाही. "असू दे, गेलेल्याची आठवण हाय," म्हणायचे. मला तो सरळ भित्रेपणा वाटायचा.

मामी किनवटला आश्रमशाळेत शिक्षिका. मामा शनिवारी निघत, सोमवारी प्रवासातल्याच कपड्यांत हजर. राजीनामा तीनदा दिला. दर वेळी मालक चहा मागवत आणि विचारत, "तुम्ही गेल्यावर काटे कोण बघणार?" मामा चहा पिऊन जागेवर परत.

"म्याच विणलंय गं हे, आन् म्याच आत बसलोय," एकदा म्हणाले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला आणि तितकीच कीवही.

मग मी हट्टाला पेटले. चार नावं काढून भाषेनंच दिलेलं एक प्रमाण नाव ठेवलं. प्रकारांची एक छोटी फाइल केली. ज्या फायलीला जे लागेल ते तिनं स्वतः मागवायचं, शेजारणीच्या भरवशावर राहायचं नाही. दोन महिने मामा बाजूला बसून कण्हत होते. शेवटी त्यांच्यादेखत मी सगळा क्रम उलटा केला. एकही चूक आली नाही. मामांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"म्हंजे आता जाता येतंय की," म्हणाले.

महिन्याभरात ते किनवटला गेले. पुढच्या वर्षी मला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. मालकांना म्हटलं, आता हे काम कुणालाही कळेल. पण त्यांना फायली वाचता येत नाहीत, खुर्चीतला माणूस तेवढा ओळखता येतो. त्यांनी चहा मागवला. मी तो प्याले, हे सांगताना लाज वाटते.

संध्याकाळी मामांना फोन लावला. मागून मामी त्यांना जेवायला हाक मारत होत्या.

"काय अडलं का गं? येऊ का?" मामांनी विचारलं.

हो म्हटलं असतं, तर सकाळी ते दारात उभे राहिले असते.

"काही नाही मामा," मी म्हटलं, "सहज केला."