दाता सदोष
‘दाता सदोष, वगळावा.’ नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने आपल्या नोंदवहीत माझ्याविषयी हे तीन शब्द लिहिले. जिल्हा न्यायालयात आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिणाऱ्या माणसाविषयी, आणि तेही त्याला म्हणणे मांडण्याची संधी न देता!

वस्तुस्थिती अशी. फणसाच्या आठळीत लेक्टिन नावाचे प्रथिन असते. रक्तातील रोगप्रतिकारक पेशींपैकी काहींवरच्या साखरेला ते चिकटते, इतरांना चिकटत नाही; त्यावरून पेशींचे गट ओळखता येतात. त्यांच्या या प्रयोगासाठी रक्त मी दिले आणि अंगणातल्या फणसाच्या वाळवलेल्या आठळ्याही मीच दिल्या. त्यांच्या अर्काने पहिले रक्त तपासले ते माझेच. लेक्टिन एकाही पेशीला चिकटले नाही. अर्क नवा, दाता एकच. तरी दोषी ठरला दाता.

मी तीन पत्रे पाठवली, तिसरे पोचपावतीसह. विभागप्रमुखांचे उत्तर आले, ‘नोंद घेतली.’ नोंद घेतली, हीच तर माझी तक्रार होती! शेवटी स्वतः गेलो. विभागप्रमुख बैठकीत होते. ते नेहमीच असतात. सुरगाण्याकडची संशोधक मुलगी तेवढी भेटली. माझे पत्र वाचता वाचता तिने बरणीत उरलेली एक आठळी काढून दाताखाली धरली. प्रयोगशाळेत खाणे नियमबाह्य आहे, हे मी तिला सांगितले.

“काका, ही खारट लागतेय,” ती म्हणाली. “उकडून वाळवलीत काय? उकडलं की लेक्टिन मेलं. मग चिकटणार काय, कपाळ?”

घरी येऊन पत्नीची उलटतपासणी घेतली.

“उकडल्याच! मिठाच्या पाण्यात. कच्च्या आठळ्या कुणी लोकांच्या घरी पाठवतं का?”

“ते घर नव्हते, प्रयोगशाळा होती.”

“मग तसं सांगायचं होतं. तुम्हीच म्हणालात, नीट करून दे, बाहेर द्यायच्यात.”

म्हणालो होतो. परंतु माल तपासून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. त्यांनी तो न तपासता माणसावर शेरा मारला. म्हणून चौथ्या पत्रात आमची चूक मान्य केली आणि मागणी कायम ठेवली: माझ्यापुढचा ‘सदोष’ हा शब्द सहीनिशी खोडावा व तो आठळ्यांपुढे लिहावा.

मसुदा पत्नीला वाचून दाखवला.

“अहो, आठळ्यांना कशाला नावं ठेवता?” ती म्हणाली. “चांगल्या मऊ शिजल्या होत्या.”

मी आठळ्यांपुढचे ‘सदोष’ खोडले, ‘शिजलेल्या’ लिहिले आणि बाजूला सही केली.