बिशपच्या पायरीवरची प्रेते

असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर थांबवत आलो. आज स्वतः लिहितो आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

नव्वदच्या दशकात मी दुबईत, करामा भागातील एका फ्रेमिंगच्या दुकानात कामाला होतो. फुजैऱ्याच्या एका हॉटेलने एक युरोपीय छापचित्र पाठवले... तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचे. जिंकलेले शहर, घोड्यावर राजा, पायऱ्यांवर उभा राहून तोफांना आशीर्वाद देणारा बिशप. तळाशी, चार बोटे जागेत, नागडी प्रेते. कोरणाऱ्याने राजाच्या झालरीवर घेतली तेवढीच मेहनत फुगलेल्या पोटांवर घेतली होती. मला किळस आली.

चित्र डायनिंग हॉलसाठी होते. प्रेते दिसू नयेत, अशी मॅनेजरची सूचना होती. आमच्या कामात असा भाग चित्राभोवती बसवायच्या माउंटच्या पुठ्ठ्याखाली झाकतात. जुना कागद कापत नाहीत. परंतु फ्रेमचे माप मी चुकवले होते; पूर्ण चित्र तिच्यात मावेना. मी ती पट्टी कापली.

"साहेब, झाकायचं होतं," माझा सहकारी पास्कल म्हणाला. तो वसईचा, चाळिशीचा.

"तुझा बिशप ठेवला आहे ना? मग झाले."

"त्यालाच कापायचं होतं मग."

पट्टी मी ड्रॉवरमध्ये टाकली. फ्रेम पास्कलने फुजैऱ्याला पोहोचवली.

आठवड्याने ती हॉटेलच्या तक्रारीसह परत आली. प्रेते आता बिशपच्या पायरीवर होती — तीच पोटे, तेच उघडे जबडे. भिंगातून पाहिले. शाईचा उठाव बोटाला लागत होता. खालची कड माझ्याच सुरीची होती. ड्रॉवरमधील पट्टी मात्र कोरी.

"ओरिजिनल बेच दिया, दूसरा लगाया," दुकानाचा मालक पास्कलला म्हणाला. "सीधा बोलो."

पास्कल माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्ही कापलंत ते सांगा. पट्टी लावून दाखवा. माझा व्हिसा जाईल."

पट्टीची कड जुळली असती. चित्र तेच आहे हे सिद्ध झाले असते. ते कापणारा मी, हेही.

"मी काहीही कापलेले नाही," मी म्हणालो.

"खलास," मालक पास्कलला म्हणाला.

जाण्याच्या दिवशी पास्कल आपली हत्यारे न्यायला आला. आमच्या दोघांत मोजायची एकच पोलादी पट्टी होती, त्याच्या पैशांची. ती त्याने माझ्या टेबलावरच राहू दिली.

प्रेते वर कशी आली, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. पास्कल का गेला, ते ठाऊक आहे.