गवतावरचा आळ

बाई आधी गुडघे टेकायच्या. कमरेच्या पट्ट्यात अडकवलेला लांब स्क्रूड्रायव्हर मैदानात मुठीपर्यंत खुपसायच्या, हळूच बाहेर ओढायच्या, त्याला लागलेली माती बोटांत चोळायच्या आणि हुंगायच्या. तोवर आम्ही अकरा-बारा मराठी माणसं पॅड बांधून कुंपणापाशी ताटकळत असायचो. मग बाई उठायच्या आणि आमच्याकडे न बघताच म्हणायच्या, "नॉट टुडे."

की आमचा रविवार संपला.

आयर्लंडमधल्या नावन गावाबाहेर एका फुटबॉल क्लबचं हे मैदान. त्याच्या कडेचा तुकडा क्लबने आम्हा क्रिकेटवाल्यांना वापरायला दिला होता. आमच्यात निम्मे इस्पितळातले डॉक्टर आणि निम्मे औषधांच्या नाहीतर चिपच्या कारखान्यांतले इंजिनिअर. मी स्वतः हाडांचा डॉक्टर. मैदानाची देखभाल बाईंकडे होती. त्या मूळच्या कोरियाच्या, चाळिशीकडे झुकलेल्या, अंगाने काटक, बोलणं मोजकं. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. शाळेतल्या कडक शिक्षिकेला म्हणतो तसं आम्ही आपापसांत त्यांना 'बाई'च म्हणायचो.

आयर्लंडमध्ये राहिलेल्यांना ठाऊक आहे, इथे सगळं 'ग्रँड' असतं. पाय मोडून माझ्यासमोर आलेला माणूसही "कसं काय?" म्हटलं की "ग्रँड" म्हणतो. या देशात दहा वर्षं काढून तो शब्द एकदाही न उच्चारलेली एकच व्यक्ती मला माहीत आहे.

बाई डूख धरायच्या. आमचा कॅप्टन मकरंद एकदा गोलपोस्टसमोरच्या ओल्या गवतावरून खिळ्यांचे बूट घालून शॉर्टकटने गेला. त्या मोसमात मकरंद बोलिंगला उभा राहिला की नेमका त्याच्याच टोकाचा पाण्याचा फवारा सुरू व्हायचा. "यार, टायमर बिघडलाय त्यांचा," असं मकरंद बिचारा सगळ्यांना सांगायचा. पुढच्या वर्षी बाईंनी मला एकट्याला सांगितलं, "एकतीस पावलं टाकली त्याने."

मला हे फार आवडलं. मीही मूळचा डूख धरणारा माणूस आहे. सातवीत माझी प्रयोगवही फाडणाऱ्या मुलाचं नाव, आडनाव आणि हजेरी क्रमांक मला आजही पाठ आहे. 'माफ करा आणि मोकळे व्हा' असं सांगणारी माणसं तुम्हालाही भेटली असतील. त्यांचं स्वतःचं काही गेलेलं नसतं, एवढंच माझं निरीक्षण आहे.

एका उन्हाळ्यात आमच्या महाराष्ट्र मंडळाने क्रीडादिन ठरवला आणि परवानगी काढायला मला पुढे केलं. "तू डॉक्टर आहेस, तुझं ऐकतील त्या," मकरंद म्हणाला. "लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत आणि शेवटी रस्सीखेच. फॅमिली इव्हेंट आहे यार, सांग त्यांना."

बाईंनी यादी ऐकून घेतली. लिंबू-चमच्याला मान हलवली. पोत्यांनाही हलवली. रस्सीखेच मला इंग्रजीत नीट सांगता येईना, म्हणून मी टाचा रोवून दोर ओढून दाखवला. बाई रोलरच्या दांड्यावर बसल्याच.

"दोर नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या गवतावर दोर नाही."

मग थर्मासमधला चहा मला देऊन त्यांनी जे सांगितलं, ते माझ्या मराठीत सांगतो.

कोरियातल्या एका मध्यम शहराने नवा व्यावसायिक फुटबॉल क्लब काढला होता. बाई गवताचं शिक्षण घेऊन नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. त्या क्लबच्या पहिल्यावहिल्या मैदान-व्यवस्थापक. पहिल्या सामन्याला जर्सीवरचे आकडे चिकटपट्टीचे होते. पावसात ते गळले आणि उत्तरार्धात कोण कोण आहे ते पंचांना कळेना. रेषा मारायचं यंत्र नव्हतं, खेळाडूच बादली घेऊन चुना ओढायचे. प्रेक्षक म्हणजे भाजीबाजारातल्या बायका, सुकवलेले मासे चघळत बसणारे म्हातारे आणि एकच ढोल घेऊन येणारी डझनभर तरुण मंडळी. संघ हरायचा आणि ढोल वाजायचा. पहिला विजय मिळाला तेव्हा सगळं गाव मैदानात उतरलं आणि बाई एकट्या सगळ्यांच्या अंगावर धावून गेल्या, गोलसमोरचं गवत सोडा म्हणून. ही दोन वर्षं सांगताना बाईंचा चेहरा सैल झाला होता.

त्या संघात विशीतला एक फॉरवर्ड होता. सरावाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी यायचा, बूट हातात घेऊन गवतावरून अनवाणी एक फेरी मारायचा आणि जाताना बाईंच्या खोलीच्या दारात दोन संत्री ठेवायचा. क्लबमध्ये बाईंना नमस्कार करणारा तो एकटाच.

क्लब महापालिकेचा, त्यामुळे मालक म्हणजे महापौर. दुसऱ्या वर्षी महापौरांनी शहराचा उत्सव मैदानात भरवला. भाताच्या पेंढ्याचा, माणसाच्या कमरेएवढा जाड दोर आणि दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं शहर. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर सभेचा मांडव पडतो आणि पोरं वर्षभर खड्ड्यांत खेळतात, तेच. दुसऱ्या दिवशी सामना होता. बाईंनी लेखी हरकत घेतली. महापौरांची मर्जी सांभाळणाऱ्या प्रशिक्षकाने, म्हणजे कोचसाहेबांनी, तो कागद खिशात घातला आणि परवानगीवर सही केली.

सामन्याच्या सकाळी पंचांनी बाईंना विचारलं, मैदान चालेल का. कोचसाहेब शेजारीच उभे होते. बाई "चालेल" म्हणाल्या.

पूर्वार्धातच तो फॉरवर्ड पडला. आजूबाजूला कुणी नसताना पडला. गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि त्याचा खेळही. कोचसाहेबांनी पत्रकारांना सांगितलं, दोष गवताचा आहे. हरकतीच्या कागदाबद्दल विचारलं तर म्हणाले, कुठला कागद? पुढच्या सामन्याआधी बाईंना मैदानाच्या मध्यभागी उभं करून सगळ्या प्रेक्षकांसमोर कमरेत वाकायला लावलं. ढोलवाल्यांनी हुर्यो उडवली. बाई इस्पितळात गेल्या तेव्हा त्या मुलाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तुम्हाला आता काय हवंय?" मी विचारलं.

"त्याने एकदा माझ्याशी बोलावं," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि तो कोच पदावरून पडावा. दोन्ही."

रस्सीखेच रद्द झाली. मंडळात माझी यथेच्छ टिंगल झाली. मी कुणाला काही सांगितलं नाही.

पण बाई नुसत्या धुमसत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. आमच्या क्लबच्या गोडबोल्या आयरिश सेक्रेटरीच्या डोक्यात त्यांनी हळूहळू एक कल्पना पेरली. परदेशातल्या महापालिकांच्या क्लबांना बोलवावं, आपला क्लब गावकरी कसा चालवतात ते दाखवावं. पत्रं सेक्रेटरीच्या नावाने जायची, मजकूर बाईंचा असायचा. तीन वर्षं त्या माणसाला आमंत्रणं गेली. अखेर त्या कोरियन क्लबाचं शिष्टमंडळ अभ्यास दौऱ्यावर आलं. अभ्यास दौरा म्हणजे काय ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. शिष्टमंडळाचे प्रमुख होते कोचसाहेब, आता संचालक झालेले. मैदान ओलांडताना पुढचे, आणि चहाच्या टेबलाशी सगळ्यात पुढचे.

आम्हा क्रिकेटवाल्यांनाही सेक्रेटरीने बोलावलं होतं, क्लबात सगळे देश आहेत हे दाखवायला. बाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दहा वर्षं घोकलेलं बोलणं त्यांच्या ओठांवर असणार.

कोचसाहेब गवतावर थांबले, बुटाने दाबून पाहिलं, खूश झाले. हे कोण सांभाळतं, असं त्यांनी विचारलं. सेक्रेटरीने अभिमानाने बाईंना पुढे केलं. कोचसाहेबांनी हात मिळवला, कोरियनमध्ये दोन वाक्यं बोलले, बाई एक शब्द बोलल्या, ते हसले आणि सँडविचकडे निघून गेले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"विचारलं, मूळ गाव कुठलं. मी त्याच्याच शहराचं नाव सांगितलं." बाईंचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "म्हणाला, छान शहर आहे."

त्याने बाईंना ओळखलंच नव्हतं. बाई वळल्या आणि अवजारांच्या शेडमध्ये जाऊन बसल्या. दहा वर्षं ज्याचा द्वेष करायचा, त्याच्या लेखी आपण कुणी नव्हतोच, हे पचवायला शेडच बरी. माझं मात्र डोकं भणाणलं. मी कोचसाहेबांच्या शेजारची खुर्ची ओढली, त्यांच्या कपात चहा ओतला आणि मी गुडघ्यांचा डॉक्टर आहे असं सांगितलं.

खेळात आयुष्य काढलेल्या माणसाला गुडघ्यांचा डॉक्टर भेटला की तो देव भेटल्यासारखा बोलतो. आधी, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, स्वतःचा गुडघा झाला. मी म्हटलं, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मग क्लबच्या सुरुवातीच्या दिवसांच्या गप्पा निघाल्या. मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, कुठेसं वाचलं होतं, तेव्हा एक फॉरवर्ड गवतामुळे जायबंदी झाला होता ना?

"गवत कसलं," कोचसाहेब हसले. "मोसमाच्या आधीच लिगामेंट अर्धं फाटलं होतं. स्कॅन होता आमच्याकडे. चार इंजेक्शनं देऊन खेळवला. महापौरांना वरच्या श्रेणीत जायची घाई होती."

"त्या मुलाला माहीत होतं?"

"त्याला सूज आहे म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर खेळला असता का?"

मी त्यांना आणखी एक सँडविच वाढलं.

शेडमध्ये जाऊन मी बाईंना सगळं सांगितलं. दोराने जमीन उखडली हे खरं होतं, पण गुडघा आधीच गेलेला होता. बाईंनी तीनदा विचारलं, "चार?" मी तीनदा हो म्हटलं. मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं त्या कोचसाहेबांवर जितक्या चिडल्या होत्या, तितक्याच स्वतःवरही. "चालेल" म्हणाल्याबद्दल.

"लिहून द्याल?" त्यांनी विचारलं.

मी लिहून दिलं. एक पान, माझं नाव, माझी सही. बायको म्हणाली, "अरे, तुझ्या रजिस्ट्रेशनवर येईल हे. तो काही तुझा मित्र नव्हता, डॉक्टर म्हणून बोलला तुझ्याशी." तिचं बरोबर होतं. मी तरीही सही केली, आणि करताना मला मजा आली हे लपवत नाही.

सप्टेंबरात गोलसमोर नवं बी टाकून झाल्यावर बाई तो कागद घेऊन कोरियाला परत गेल्या. आता मैदान सांभाळायला एक स्थानिक गृहस्थ आहेत. चिखलात पाऊल रुतलं तरी ते खिडकीतून हात करून "ग्रँड, लॅड्स" म्हणतात. आम्हाला दर रविवारी खेळायला मिळतं आणि मैदानाची रया गेली आहे. हल्ली मकरंदच फिरून फिरून खड्डे बुजवत असतो.

बाईंचा पहिला निरोप आला तो असा: "त्याने कागद घेतला. वाचला. दार लावलं." तो फॉरवर्ड आता शाळेत पीटी शिकवतो. बाईंनी कागदाची प्रत क्लबलाही दिली, तर क्लबने उत्तर दिलं की परदेशातल्या कुणा डॉक्टरच्या ऐकीव गोष्टीला अर्थ नाही. कोचसाहेबांनी तर असा कुणी डॉक्टर भेटलाच नाही असं सांगितलं. आमचा डाव फसला होता.

आणि मग कोचसाहेबांनीच आम्हाला हात दिला. बड्या माणसांना अपमानाचं उत्तर लेटरहेडवर द्यायची खोड असते. त्यांचं मला पत्र आलं, क्लबच्या बोधचिन्हासकट. त्यात लिहिलं होतं, त्या खेळाडूचा स्कॅन आणि इंजेक्शनं याबद्दल मी तुमच्याशी डॉक्टर म्हणून विश्वासाने बोललो, ते गुप्त ठेवणं तुमचं कर्तव्य होतं, मी तुमची तक्रार करणार आहे. खाली सही आणि पूर्ण हुद्दा.

मी ते तीनदा वाचलं. उठून चहा केला, सावकाश प्यायलो आणि मग ते पत्र जसंच्या तसं बाईंना पाठवून दिलं.

तक्रार त्यांनी खरोखरच केली. माझी चौकशी चालू आहे, आणि तिचा निकाल माझ्या विरुद्धही लागू शकतो. मला पश्चात्ताप नाही. महिन्याभरात क्लबच्या संकेतस्थळावरून संचालकांचा फोटो निघाला, तेव्हा मी तो रिकामा चौकोन मोठा करून पाहिला. बायको म्हणाली, "किती रे खुनशी आहेस तू." मी हो म्हटलं.

त्यानंतर बाईंकडून शब्द नव्हता. गेल्या आठवड्यात एक ध्वनिमुद्रण आलं, अकरा मिनिटांचं, बरोबर काही न लिहिता. मी ते इस्पितळाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकलं. मला कोरियन येत नाही. एक पुरुष बोलत होता, कोचसाहेबांचा आवाज नव्हता तो. आधी अडखळत, मग भराभर, मध्ये रडला असावा, मग पुन्हा बोलू लागला. अकरा मिनिटं तो एकटाच बोलत होता. बाईंनी त्याला एकदाही थांबवलं नाही.