तापीबाईला कळू नये म्हणून

"तो सोनार शे. त्यानीच मारं," तापीबाई म्हणाली आणि हातातल्या मिरचीचा देठ खुडून तिने मागे टाकला.

कामिनी चहाची किटली घेऊन तशीच उभी राहिली. गोष्टीचं तिसरं प्रकरण अजून सांगून संपायचं होतं. केळीच्या शेडमध्ये म्हातारे जमीनदार मरून पडले होते, त्यांच्या तंबाखूच्या डबीत काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि सोनाराच्या वाट्याला आतापर्यंत जेमतेम दोन वाक्यं आली होती. पुढे आणखी सतरा प्रकरणं होती. ती आता कोणासाठी सांगायची?

"कशावरतीन वं?" तिने विचारलं.

"दिखस ना," तापीबाई म्हणाली.

ढिगाभोवती बसलेल्या बाकीच्या एकवीस बायांनी माना डोलावल्या. त्यांना काही दिसलं नव्हतं, पण तापीबाईला दिसतंय एवढं त्यांना पुरत होतं.

नंदुरबारच्या बाहेर, कोरीटच्या रस्त्याला हेमकांत पाटलांची मिरचीची पथारी आहे. पथारी म्हणजे मोकळं रान. बाजार समितीतून ओली लाल मिरची आणायची, जमिनीवर पसरायची, उलटत राहायचं, वाळली की बायांकडून देठ खुडून घ्यायचे आणि पोती भरायची. दिवाळीनंतर सुरू होतं ते होळीपर्यंत चालतं. तेवढे महिने तिथला माणूस शिंकतो किंवा शिंक दाबून असतो. कामिनी ही हेमकांतची बायको. बावीस बायांना दिवसातून दोनदा चहा करणं हे तिचं पथारीवरचं काम. रहस्यकथा लिहिणं हे दुसरं काम, आणि ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

तिचं माहेर लोणखेड्याचं. कॉलेज घरापासून हाकेच्या अंतरावर होतं म्हणून ती बी.ए. झाली, आणखी दोन मैल लांब असतं तर लग्न तीन वर्षं आधी झालं असतं. त्या कॉलेजच्या ग्रंथालयात रहस्यकथांचं एक कपाट होतं. बहुतेक पुस्तकांची शेवटची पानं कोणीतरी फाडून नेलेली होती. खुनी कोण ते स्वतःच ठरवायची सवय तिला तिथे लागली, नाइलाजाने.

तिच्या कादंबऱ्यांत खून होई, पण कोणाचं जेवण चुकत नसे. सुरा नाही, पाठलाग नाही, रक्ताचं थारोळं नाही. पोलीस शेवटच्या पानावर येत. दारात पोलिसांची जीप उभी राहिली की घरातल्या मुलींची लग्नं दोन वर्षं मागे पडतात, हे कामिनीला पक्कं माहीत होतं, आणि आपल्या पात्रांवर ती वेळ आणायला तिचं मन घेत नसे. छडा लावायला प्रमिलाबाई होत्या. निवृत्त नर्स, रक्तदाब मोजायचं यंत्र बाळगून असलेल्या. संशयित एकेक करून त्यांच्या ओट्यावर येत, दंडाला पट्टा बांधून घेत, चहा पीत आणि नको ते बोलून जात.

घरात कामिनी गुजरी, म्हणजे गुजर समाजाची बोली बोले, पथारीवर अहिराणी. लिहायला मात्र शाळेतली मराठी. ज्या भाषेत तिने आयुष्यात एकदाही भांडण केलं नव्हतं, त्या भाषेत ती अठरा वर्षं खून करत होती.

अठरा वर्षांत छापून काही आलं नव्हतं. पहिली कथा एका दिवाळी अंकाने 'वातावरण छान' असा शेरा मारून परत पाठवली. दुसऱ्या अंकाने परत पाठवलीच नाही. एका प्रकाशकाने तिची पहिली कादंबरी सात वर्षं ठेवून घेतली आणि मग ते वारले. त्यांच्या मुलाने सगळी हस्तलिखितं ज्याची त्याला पाठवली, त्यात कामिनीला कोणाचा तरी कवितासंग्रह आला. तिने तो वाचला. बरा होता.

आता पुण्याचे एक प्रकाशक तिची कादंबरी छापतो म्हणत होते. म्हणत होते, पण.

"मॅडम, गाव फार गोड आहे हो तुमचं," ते फोनवर म्हणाले होते. "माणसं गोड, प्रमिलाबाई गोड. पण खुनी चाळिसाव्या पानावर कळतो. मला कळला. आमच्या मुद्रितशोधकांना कळला, आणि त्यांना शुद्धलेखनाशिवाय सहसा काही कळत नाही."

"कशावरून कळतो?"

"ते सांगता नाही यायचं. जाणवतं. मार्चमध्ये आमची यादी छापायला जाते. महाशिवरात्रीपर्यंत नवं लिहून द्या, नाव घालतो. नाहीतर मग, काय आहे ना मॅडम, राहूनच जाईल." मग जरा थांबून म्हणाले, "आणि पाकीट कुरिअरने नका पाठवू. उघडलं की आम्हाला शिंका येतात."

तेव्हापासून कामिनीने एकच कसोटी ठेवली होती. तापीबाईला कळलं नाही, तर पुण्याला कळणार नाही. सकाळी स्वयंपाक आवरून ती दीड तास लिही, आणि दुपारच्या चहाच्या वेळी लिहिलेलं प्रकरण ढिगाजवळ उभी राहून सांगे. पहिल्या खेपेला खुनी जमीनदाराचा पुतण्या होता. तापीबाईने तो दुसऱ्या प्रकरणात धरला. मग कामिनीने सगळं फिरवून ग्रामसेवकाला खुनी केलं. तोही धरला. आता सोनार. महाशिवरात्रीला पाच आठवडे उरले होते.

संध्याकाळी हेमकांतने भाकरी मोडता मोडता गुजरीत तोडगा काढला. "तिला सांगूच नको ना."

"मग कळणार कसं?"

"काय कळणार?"

"तिला कळतं की नाही, ते."

हेमकांतने थोडा वेळ विचार केला, हे आपल्या आवाक्यातलं नाही असं ठरवलं, आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी कामिनीने प्रकरण सांगितलं नाही. चहा वाटून झाल्यावर नाकाला पदर बांधून ती तापीबाईशेजारी बसली आणि देठ खुडायला लागली. तापीबाई अडुसष्ट वर्षांची. पथारी हेमकांतच्या वडिलांची होती तेव्हापासून येणारी. अक्षरओळख नाही. पण मिरची हातात घेऊन ती कोणत्या शेतातली ते सांगे आणि बहुधा बरोबर सांगे.

"मावशी, खरं सांग. तुले दर टाइमले कसं समजस?"

"अर्धा देठ राही गया, बई. नीट खुड."

कामिनीने नीट खुडला. "सांग ना."

"तो चहा नही पिधा."

"कोन?"

"सोनार. परमिलाबाईनी दिधा, त म्हने, आत्तेच पी उनू. त्याना पहिले तो ग्रामसेवक. त्याले उपास व्हता. त्याना पहिले पुतन्या. त्याले म्हने साखर चालस नही. पंचवीस वरीसना पोऱ्याले!" तापीबाई हसली तशा बाकीच्या बायाही हसल्या. मग ती हसायची थांबली. "ज्याना पोटमा पाप ऱ्हास, तो त्या घरना चहा पिई का?"

कामिनी घरी आली आणि तिने माळ्यावरच्या सगळ्या वह्या काढल्या. अकरा होत्या. लालसर पडलेल्या, झटकल्या तरी डोळ्यांत जाणाऱ्या. ती प्रत्येकीत तेवढंच शोधत गेली. 'नको, पित्त होतं.' 'राहू द्या, घाईत आहे.' 'आज संकष्टी.' अठरा वर्षांत तिच्या एकाही खुन्याने प्रमिलाबाईंच्या घरचा चहा घेतला नव्हता. आणि निरपराध माणसं एकजात प्यायली होती, काहींनी बशीतसुद्धा.

आपण हे डोक्याने रचतो असं तिला वाटत होतं. ते लोणखेड्याच्या ओसरीवर आधीच रचून झालेलं होतं. वडिलांचे चुलतभाऊ रोज सकाळी यायचे. एके सकाळी त्यांनी पाण्याचा तांब्या हातात घेतला नाही, 'राहू दे' म्हणाले. ते गेल्यावर आई म्हणाली, आता हा बांधासाठी कोर्टात जाणार. आठव्या दिवशी नोटीस आली. त्यात कोणाला नवल वाटलं नाही. मनात काही धरून आलेला माणूस तुमच्या घरचं पाणी घेत नाही, एवढी लाज त्याला असतेच, हे गावात सगळे धरून चालत. कामिनीही तसंच धरून चालत आली होती.

उपाय उघड होता. खुन्याला चहा पाजायचा.

तो पाजायला तिला चार दिवस लागले. यावेळी खुनी कंपाउंडर होता, जमीनदाराला औषधं द्यायला येणारा. तो ओट्यावर येई, बसे, प्रमिलाबाई कप पुढे करत, आणि कामिनीचा हात थांबे. पहिल्या दिवशी तिने त्याला कप हातात धरून ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी कपात माशी पडली. तिसऱ्या दिवशी बाहेरून कोणीतरी हाक मारली. तिला थकवा आला होता, आणि तो झोपून जाणारा नव्हता.

"पाजून टाक ना एकदाचा," हेमकांत म्हणाला. "चहा तुझा, खुनी तुझा. कोणाला विचारायचंय?"

चौथ्या दिवशी कंपाउंडर प्यायला. तळापर्यंत प्यायला. आलं छान पडलंय म्हणाला, आणखी अर्धा कप मागून घेतला. जाताना नळावर कपबशी स्वतः विसळून त्याने उपडी ठेवली. असा नीटनेटका माणूस गावात दुसरा नाही, असं प्रमिलाबाईंच्या मनात आलं. कामिनीने ते पान वाचलं. आजवर तिने लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं पान होतं. तिने वही मिटली आणि उगाचच हात धुतले.

चहा नाकारायला तिने शाळामास्तरांना ठेवलं. त्यांना खरोखरच पित्त होतं, बाकी काही नाही.

"मास्तर शे," तिसऱ्या प्रकरणात तापीबाई म्हणाली.

कामिनीने रिकामे कप गोळा केले. पुढचे सतरा दिवस ती रोज एक प्रकरण सांगत गेली, आणि तापीबाई रोज मास्तरावर नवा पुरावा गोळा करत गेली. शेवटच्या दिवशी प्रमिलाबाईंनी कंपाउंडरच्या दंडाला पट्टा बांधला आणि त्याला डबीबद्दल विचारलं. यंत्राचा काटा चढला. ढिगाभोवती सगळे हात थांबले.

"पन तो चहा पिधा ना वं," तापीबाई म्हणाली.

"पिधा."

"दीड कप."

"हां."

"कप बी धुई दिधा त्यानी."

"हां, मावशी."

तापीबाईने हातातली मिरची उलटून पाहिली. "असं कोनी करस का?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता देठ खुडला. त्या दिवशी पथारीवर कोणी गाणं म्हटलं नाही.

कादंबरी महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी ई-मेलने गेली. टाइप करणाऱ्या मुलीलाही मास्तरच खुनी वाटला होता. आठ दिवसांनी पुण्याहून फोन आला. "मॅडम, कमाल केलीत. मुद्रितशोधक साफ चुकले. वाचायच्या नादात त्यांचं शुद्धलेखन तपासायचंच राहिलं."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दहा प्रती आल्या. शुद्धलेखन खरंच राहिलं होतं. मुखपृष्ठावर धुक्यात बुडालेला एक बंगला होता आणि रक्ताचे तीन थेंब पडणारा सुरा. पुस्तकात बंगला नव्हता, सुरा नव्हता, आणि कोरीटच्या बाजूला त्या दिवसांत धुकं सोडा, सावली मिळत नव्हती. हेमकांतने प्रत हातात घेऊन वजन केलं आणि "झालं मग," म्हणाला. कामिनीलाही झाल्यासारखंच वाटलं. अठरा वर्षं तिला वाटत होतं की या दिवशी आनंद होईल. तसं थोडं हलकं वाटलं, एवढंच; आणि लगेच प्रकाशकांनी दुसरी कादंबरी कधी देता म्हणून विचारलं.

दिवाळी झाली. पथारी पुन्हा लाल झाली आणि बाया आल्या. पहिल्याच दिवशी कामिनीने एक प्रत तापीबाईला दिली. तापीबाईने ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली, "सुरा कसाले?" विचारलं, आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. कामिनीने चहा पुढे केला.

"राहू दे," तापीबाई म्हणाली.

कामिनी कप घेऊन थांबली. "का वं मावशी? काय व्हयनं?"

"काहीच नही. आते तूच सांग. मी चहा नही पिधा. मन्हा पोटमा काही शे का नही शे?"

कामिनीने तिच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षापर्यंत हे तिने घडीभरात सांगितलं असतं. तिला सांगता येईना.

"नही ना समजत?" तापीबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दिवसभर काम केलेल्या बाईचा आवाज होता. "माले बी नही समजत आते. व्यापारी येस, चहा पी जास. जावाई येस, चहा पी जास. मी नुसती देखत ऱ्हास. इतला वरीस माले समजे, बई."

कप कामिनीच्या हातातच होता. चहावर साय धरत होती.

मग तापीबाईने हात पुढे करून कप घेतला. तळापर्यंत प्यायली. आणखी अर्धा कप मागून घेतला. "आलं बरं शे आज," म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठली, नळापर्यंत गेली, कप विसळला आणि उपडा ठेवला.

परत येऊन तिने मिरचीत हात घातला. "चाल, सांग आते," ती म्हणाली. "यंदा कोन मरस?"