साहेबांच्या हौदातलं केंदाळ

ऐंशीनंतरची ती वर्षं. रत्नागिरीजवळच्या एका गावात मी सरकारी ओव्हरसियर होतो. गावाचं तळं, त्याचा बांध, पाणी सोडायची मोरी आणि शेतांकडे जाणारा पाट बघणं हे माझं काम. त्या पाण्यावर गावातल्या बायका वायंगणी भात, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं पीक काढायच्या. पुरुष बहुतेक मुंबईला. शेत, गुरं, म्हातारी माणसं, सगळं बायकांवर.

आमचे साहेब घाटावरून बदलून आले. येताना बादलीतून जलपर्णीची, म्हणजे गावच्या भाषेत केंदाळाची, चार रोपं घेऊन आले आणि तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या विश्रामगृहापुढच्या सिमेंटच्या हौदात सोडली. जांभळी फुलं आली. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी हौदाकडे न्यायचे. हौद भरला की जादा पाणी गटारातून थेट तळ्यात उतरायचं. मला हे माहीत होतं, कारण ते गटार मीच बांधून घेतलं होतं.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस तळ्याच्या कडेला पाचसहा रोपं तरंगताना दिसली. मी साहेबांना सांगितलं की या वनस्पतीनं घाटावरची तळी कशी गिळली ते मी पाहिलंय, ही रोपं आत्ताच काढू आणि हौदही रिकामा करू. ते हसले. म्हणाले, "पाणी रोजच बघता, जरा फुलं बघा."

मी गप्प बसलो. साहेबांचा येतो तितकाच राग मला त्या गप्प बसण्याचा आजही येतो. पाचसहा रोपं होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी एकट्यानं ती अर्ध्या तासात काढली असती.

दुसऱ्या वर्षी निम्मं तळं हिरवं झालं. तिसऱ्या वर्षी पाणीच दिसेना. मोरीच्या तोंडाशी मुळ्यांचा बोळा बसला, पाट कोरडा पडला आणि कणसं धरायच्या बेतात, ऐन पोटरीत आलेल्या भाताखाली जमीन भेगाळली. धुण्याच्या पायऱ्यांवर डासांमुळे उभं राहवत नसे. तिथंच एका बाईचं रेडकू गेलं. तिला सगळे काकी म्हणायचे, नवरा मुंबईत गोदीत कामाला. रेडकाला ते हिरवं रान वाटलं. चरत चरत ते केंदाळावर गेलं, पाय मुळ्यांत गुंतले आणि आत ओढलं गेलं. बायकांनी दोर आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी पोचलो तेव्हा काकी पायरीवर बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "सायब, तुमाला ठावं होता ना, ह्या कुठनं आला तां?"

मी हो म्हटलं. ती शेजारी पडलेला दोर गुंडाळायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग खात्यानं ठेकेदार लावला. त्याच्या माणसांनी केंदाळ ओढलं आणि बांधावरच, पाण्यापासून दोन हातांवर ढीग घातले. मी म्हटलं, लांब न्या, ओल मिळाली की हे पुन्हा धरतं. लांब नेण्याचं कामात लिहिलेलं नाही, असं ठेकेदार म्हणाला. साहेबांनी ढिगाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. जूनमध्ये पाणी चढलं आणि ढीग आपोआप तळ्यात परतले. दिवाळीपर्यंत तळं होतं तसं हिरवंगार. हे सगळं हौदातून आलं, असा मी अहवाल लिहिला. साहेबांनी त्यावर दोन शब्दांचा शेरा मारला: नैसर्गिक वाढ.

पुढच्या उन्हाळ्यात बायकांनी कुणाची वाट बघितली नाही. पाणी ओसरल्यावर काकीसकट वीसेक जणी मांड्यांपर्यंत चिखलात उतरल्या. केंदाळ ओढायचं, माडाच्या झापांवर टाकायचं आणि फरफटत वरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर न्यायचं. ही अक्कल काकीची. "त्या कातळावर गवत जगत नाय, ह्या काय जगताय," ती म्हणाली. खरंच, मे महिन्यातल्या उघड्या कातळावर चार दिवसांत त्याच्या काड्या झाल्या. मी रजा टाकून चिखलात उतरलो. हातांना खाज सुटायची, पायांना जळवा लागायच्या. साहेब विश्रामगृहाच्या व्हरांड्यातून बघत होते.

तळं मोकळं होत आलं तेव्हा काकीनं विचारलं की वरचा हौद तसाच राहणार असेल तर आम्ही मरमर कशाला करायची. मी तसाच चिखलानं माखलेला वर गेलो. हौदातलं एकूण एक रोप काढून दगडांवर टाकलं आणि पहारीनं हौदाचा तळ फोडला. साहेब कप हातात धरून धावत आले. सरकारी मालमत्ता फोडल्याबद्दल वर कळवीन, म्हणाले. तळंही सरकारीच आहे, ते पहिल्यांदा कळवा, असं मी म्हटलं. आयुष्यात वरिष्ठाला दिलेलं ते माझं एकमेव उत्तर. मला मेमो मिळाला आणि पावसाच्या तोंडावर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. साहेबांना कुणी काही विचारलं नाही.

दोन वर्षांनी त्या गावावरून जाताना मी मुद्दाम उतरलो. पाटाला पाणी होतं. जलपर्णीचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, म्हणून बायका दर आठवड्याला आळीपाळीनं तळ्याला फेरी मारत होत्या. खात्यातलं कुणी येतं का, असं मी काकीला विचारलं. तिनं नुसती नकारार्थी मान हलवली आणि काठाशी वाकून बोटभर उंचीचं एक रोप मुळासकट उपटलं.