मोठ्याच्या मुखवट्यातली टिटवी

पर्यायकाकांना हे नाव कोणी पाडलं ते आता सांगता येणार नाही, पण पाडणाऱ्याने नेम अचूक धरला होता. ‘आणखी काय काय मिळतं?’ असं विचारल्याशिवाय हा माणूस चहासुद्धा मागवत नसे, आणि सगळी यादी ऐकून शेवटी चहाच पीत असे.

सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या अंगाला, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी, संगणकांची एक लांबट खोली होती. ती काका सांभाळत. कुरकुरणाऱ्या खुर्च्या, अक्षरं पुसट झालेले कीबोर्ड आणि दारापाशी काकांचं स्टूल. घरी संगणक नसलेली माणसं इथे येत. कोणाला पेन्शनचं बघायचं असे, कोणाला दूरदेशीच्या नातवाचा चेहरा.

तरुणपणी काकांनी ब्राउझरांची मोठी लढाई डोळ्यांनी पाहिली होती. ती गोष्ट सांगताना ते उभे राहत. एक ब्राउझर लोकांचा लाडका होता. मग दुसरा आला, तो यंत्राबरोबरच, आधीच बसवलेला. लोकांनी काही ठरवलं नाही, कौल दिला नाही. समोर दिसलं त्यावर बोट ठेवलं, इतकंच. होता होता लाडका नट रंगमंचावर दिसेनासा झाला आणि प्रेक्षकांना त्याची चुटपुटही लागली नाही.

“आवडून घेतला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं,” काका म्हणत. “पण निवडलाच कुठे कोणी?”

तेव्हापासून ते टिटवीच्या बाजूचे झाले. टिटवी हा एक छोटा ब्राउझर, हौशी मंडळींनी चालवलेला, चित्रात लांब पायांचा पक्षी. तुम्ही काय बघितलंत याची चहाडी तो जाहिरातवाल्यांकडे करत नसे. काका संध्याकाळी घरी बसून त्यातल्या चुका शोधत आणि त्या मंडळींना कळवत.

“पगार नाही, भत्ता नाही,” बायको म्हणायची, “आणि टिटवी आजारी पडली की जेवण मात्र आपल्या घरातलं कमी होतं.”

वाचनालयात दोन्ही ब्राउझर होते. एक टिटवी, आणि दुसरा तो सगळ्यांच्या फोनवर असतो तो. त्याला त्या खोलीत नुसतं ‘मोठा’ म्हणत. येणारा प्रत्येक जण खुर्ची ओढून थेट मोठ्याकडे जाई.

“अहो, एकदा टिटवी उघडून तरी बघा,” काका कोपऱ्यावरच्या शिंप्याला म्हणत.

“काका, मी मुलगी बघायला आलोय का? मला विजेची तक्रार टाकायचीय.”

“फरक कळेल तुम्हाला.”

“तीच तर भीती आहे. फरक कळला की मोठ्यावर चिडचिड सुरू होईल, आणि फोनवर तर तोच आहे!”

निवृत्त नर्सबाई तेवढ्या शांतपणे ऐकून घेत. त्या रोज येत. त्या पासवर्ड टाकायला लागल्या की काका न सांगता मान वळवून भिंतीकडे बघत, हे त्यांनी हेरलं होतं. अडलं की त्या काकांनाच हाक मारत. “उद्या बघते हं तुमची टिटवी,” म्हणत, आणि तो उद्या काही उजाडत नसे.

मग एक दिवस ग्रंथपालबाईंनी काकांना बोलावून घेतलं. वयाने त्या काकांच्या लेकीसारख्या. बोलताना त्यांची नजर टेबलावरच होती.

“काका, समिती म्हणते एकच ब्राउझर ठेवा. टिटवी कोणी उघडतच नाही.”

“आणि लोक वापरायला लागले तर?”

“तर राहील. वार्षिक सभेपर्यंत बघू. पण काका, जबरदस्ती नको हं कोणावर.”

गावातल्या शाळेने टिटवी आधीच काढली होती. तिला सांभाळणाऱ्या मंडळींतलेही एकेक गळत चालले होते. उरली होती ही एक खोली. इथून गेली की आपलं सगळं आयुष्य एका हरलेल्या पक्षाच्या मागे गेलं, असं काकांना वाटलं, आणि त्या वाटण्यातच त्यांचा पाय घसरला.

दुसऱ्या सकाळी ते लवकर आले. प्रत्येक संगणकावर टिटवीला त्यांनी मोठ्याचं चित्र चढवलं, खाली नावही मोठ्याचं घातलं. आतले रंग, बटणांच्या जागा, सगळं जुळवून घेतलं. खरा मोठा एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवला. रंगभूषा इतकी बेमालूम उतरली की दुपारी काका स्वतःच क्षणभर फसले.

कोणाला काही कळलं नाही. शिंपी म्हणाला, “मोठा आज हुशारीत आहे बुवा!” नर्सबाई म्हणाल्या, “हल्ली त्या मेल्या जाहिराती कमी झाल्या, नाही?” काका भिंतीकडे तोंड करून हसत. कित्येक वर्षांत ते इतक्या आनंदात नव्हते. एकदोनदा नर्सबाईंना खरं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं. पण सभेत, सगळ्यांसमोर, एकदम पडदा वर करण्याची हौस जिंकली.

सभा वाचन-दालनात भरली. टिटवीचा विषय आला तसे काका उठले. घसा खाकरून त्यांनी सगळं सांगितलं. गेले कित्येक महिने तुम्ही जे वापरता आहात ते मोठा नाही, टिटवी आहे! आणि हात किंचित पसरून ते थांबले, टाळ्यांसाठी थांबतात तसे.

टाळी वाजली नाही. कोणाची तरी खुर्ची करकरली.

“म्हणजे आतलं कापड बदललंत आणि लेबल जुनंच?” शिंपी म्हणाला. “आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते बायकामाणसांत सांगत नाही.” दोघंतिघं हसले. काकाही हसायला गेले, जमलं नाही.

नर्सबाई उभ्या राहिल्या. “मी त्यात माझे पासवर्ड टाकत होते.”

“ते सुरक्षितच होते, बाई! मोठ्यापेक्षा जास्त सुरक्षित!”

“असतील. तुमच्याबद्दल तशी शंकाच नाही.” त्यांचा आवाज चढला नाही. “पण साधी ताकदीची सुई द्यायची असली तरी आम्ही आधी सांगायचो, काय टोचतोय ते. तुम्ही नुसतं म्हणाला असतात ना, की टिटवी जायच्या मार्गावर आहे, तर मी दुसऱ्या दिवसापासून तीच उघडली असती. तुमच्यासाठी उघडली असती. विचारायचं तरी!”

काकांचे पसरलेले हात खाली आले. आयुष्यभर ते ज्या गोष्टीसाठी भांडले होते, तीच त्यांनी या माणसांच्या हातातून काढून घेतली होती.

ग्रंथपालबाईंनी सभेनंतर त्यांना बाजूला घेतलं. “खोली तुम्हीच सांभाळा, काका. पण टिटवी उद्याच्या उद्या काढा.”

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, “रागावू नका. तुम्ही माझ्या फोनवर टिटवी घातली होती ना? मी मोठाच वापरते. बहिणीचे फोटो टिटवीत उघडत नव्हते.”

“बोलली नाहीस कधी!”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

त्या संध्याकाळी काकांनी टिटवीतल्या चुका शोधायला संगणक उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेका संगणकावरून टिटवी काढली आणि खरा मोठा त्याच्या जागी आणून ठेवला. खोली उघडली. नेहमीच्या वेळी नर्सबाई आल्या, नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. पडद्याकडे बघत राहिल्या. काका स्टुलावरून अर्धवट उठले.

नर्सबाईंनी मान दुसरीकडे वळवली. “शिंपीदादा, जरा बघता का? हा खरंच मोठा आहे ना?”

ज्याला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं तो शिंपी वाकला, चष्मा सरकवून त्याने पडदा नीट न्याहाळला. “दिसतो तर मोठाच.”

“बरं,” नर्सबाई म्हणाल्या, आणि पासवर्ड टाकायच्या आधी त्यांनी दुसरा हात आडोशासारखा कीबोर्डवर धरला.