ब्युरेटवर चिकटवलेला कागद

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातलं सहावं प्रकरण मी लिहिलं, पण ते केलं सुकरामभाऊंनी. त्यांची गोष्ट सांगायची तर आधी ते कोण हे सांगायला हवं.

सुकराम हरिणखेडे आमच्या तिरोड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. शिक्षण दहावी. बोदलकशाच्या वाटेवर त्यांचं गाव, तिथे दोन एकर धानाची बांधी. मी चौदा वर्षांपूर्वी इथे शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या नोकरीला तेरा वर्षं झाली होती. कुठल्या बाटलीत काय आहे हे त्यांना लेबल न वाचता कळायचं, आणि कुठली काच तडकणार आहे तेही. त्यांचा खरा दबदबा होता तो डोळ्याचा. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत फ्लास्कमधला रंग बदलला की नाही याबद्दल दोन प्राध्यापकांचं जुळलं नाही, की आम्ही त्यांना हाक मारायचो. ते ब्युरेटशी, म्हणजे थेंब सोडायच्या खुणांच्या काचनळीशी, झुकायचे, डावा डोळा मिटायचे, उजव्याने क्षणभर बघायचे आणि सांगायचे, अजून दोन थेंब. दोन थेंब सोडले की रंग बदलायचाच.

माझं संशोधन तीन विषयांच्या मध्ये अडकलेलं होतं. खेड्यातल्या शाळांमधली मुलं स्वतःच्या गावच्या हातपंपाचं पाणी तपासतील, त्यातून रसायनशास्त्र शिकतील, आणि मोबाईलवरचा एक प्रोग्राम त्यांना रंग ओळखायला मदत करेल, अशी कल्पना होती. रसायनवाले म्हणाले, हा शिक्षणशास्त्राचा विषय. शिक्षणशास्त्रवाल्यांना तो कॉम्प्युटरचा वाटला. दीड वर्ष नुसतं हेलपाटे घालण्यात गेलं. शेवटी शिक्षणशास्त्राच्या एका मार्गदर्शक बाईंनी माझा अर्ज घेतला, आणि मोबाईलचा प्रोग्राम आमच्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या हिमांशू टेंभरे सरांनी लिहून दिला.

आम्ही जिल्ह्यातल्या नऊ शाळा घेतल्या. चोरखमाऱ्याच्या बाजूच्या, बोदलकशाकडच्या, आणि पार तिकडे दरेकशाच्या जंगलातली एक. या शाळांच्या गावांमधले मिळून एकाहत्तर हातपंप. प्रत्येक पंपाच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरायच्या. एक शाळेत, तिथे मुलं पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात क्षार किती ते, तपासणार. ब्युरेटमधून थेंब थेंब द्राव सोडायचा, फ्लास्कमधला लालसर रंग स्वच्छ निळा झाला की थांबायचं आणि किती द्राव लागला तो आकडा लिहायचा. मग तेच पाणी मोबाईलसमोर धरून पुन्हा. दुसरी बाटली कॉलेजात सुकरामभाऊंकडे. त्यांचा आकडा तो खरा आकडा, आणि मुलांचा व मोबाईलचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. हे मी ठरवलं होतं. त्यांच्यापेक्षा खात्रीचं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

पहिली दोन वर्षं तिन्ही आकडे छान जवळ येत गेले. तिसऱ्या वर्षी बिघडलं. मोबाईल प्रत्येक पंपाला सुकरामभाऊंपेक्षा कमी आकडा दाखवू लागला. मुलांचेही आकडे कमी. हिमांशू सरांनी चार महिने प्रोग्राम उलगडून पुन्हा बांधला, उजेडाचा हिशेब बदलला, तीन वेगवेगळे मोबाईल लावून बघितले. फरक तसाच. स्टाफरूममध्ये लोक त्यांना चिडवू लागले होते. मी मात्र त्यातून निष्कर्ष काढून मोकळी झाले होते. मुलं मोबाईलच्या नादी लागून स्वतःचा डोळा वापरत नाहीत, मोबाईल चुकतो तसंच ती चुकतात, असं मी अकरा पानं लिहिलं होतं. प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते.

त्या सुमारास सुकरामभाऊंच्या घरी एक साधी गोष्ट घडली. त्यांच्या पत्नीला, सुमित्राबाईंना, भाचीच्या लग्नासाठी निळ्या लुगड्यावर ब्लाउजपीस हवा होता. सुकरामभाऊ गोंदियाला गेले होते, येताना घेऊन आले. बाईंनी कापड उलगडलं आणि विचारलं, हा काळा कायले आणला? हे म्हणाले, निळाच आहे. बाईंनी ते लुगड्यावर ठेवून दाखवलं, यांनी सवयीने डावा डोळा मिटून बघितलं, तरी दोन्ही रंग सारखेच दिसत होते. दुसऱ्या दिवशी बदलायला गेले तर दुकानदार म्हणाला, मी तुम्हाला दोनदा सांगितलं भैया, ये काला है, तुम्हीच ऐकलं नाही.

सुमित्राबाईंनी मला नंतर सांगितलं, त्या दिवशी सुकरामभाऊ बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसले आणि एकदा एका डोळ्यावर हात ठेवून, एकदा दुसऱ्यावर ठेवून आभाळाकडे बघत होते. शेजाऱ्यांना वाटलं, यांचं काहीतरी बिनसलं.

दुसऱ्या दिवसापासून ते कॉलेजात तासभर लवकर येऊ लागले. मला वाटलं परीक्षेची तयारी चालली असेल. नवव्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि शंभर पानी वही समोर ठेवली. वहीत तीन रकाने होते. तारीख, डोळा, आकडा. डोळ्याच्या रकान्यात कुठे "उ", कुठे "डा".

मी विचारलं, हे काय आहे?

"मॅडम, माहा उजवा डोरा खोटा बोलून राहिला," ते म्हणाले. डोळ्याला ते डोराच म्हणतात.

मग त्यांनी सगळं सांगितलं. जडपणा माहीत असलेला एक द्राव मीच तोलून बनवून ठेवला होता, त्याच्या बाटलीवर आकडा लिहिलेला होता. तो घेऊन त्यांनी आठ दिवसांत साठ वेळा तपासणी केली. तीस वेळा उजव्या डोळ्याने, तीस वेळा डाव्याने. डाव्याने दर वेळी अठरा पूर्णांक तीनच्या आसपास आकडा यायचा, बाटलीवर होता तोच. उजव्याने एकोणीसच्या आसपास. उजव्या डोळ्याला निळा रंग उशिरा दिसत होता, म्हणून ते थेंब सोडतच जायचे.

मी वही उलटीसुलटी करून बघितली. मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली आणि मी म्हणाले, पण भाऊ, तुम्हाला उत्तर आधीच माहीत होतं. माहीत असलेल्या आकड्याला हात आपोआप थांबतो.

"थांबते ना," ते म्हणाले. "म्हनून आकडे झाकले."

ते मला टेबलाशी घेऊन गेले. ब्युरेटच्या सगळ्या खुणांवर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली होती. द्राव किती उतरला हे त्यांना दिसतच नव्हतं, फक्त फ्लास्कमधला रंग दिसत होता. रंग बदलला असं वाटलं की तोटी बंद करायची, मग कागद काढायचा आणि आकडा लिहायचा. कुठल्या वेळी कुठला डोळा मिटायचा तेही त्यांनी मनाने ठरवलं नव्हतं. साठ चिठ्ठ्या करून तुटक्या बीकरमध्ये ठेवल्या होत्या, हाताला येईल ती चिठ्ठी.

संशोधनाची पद्धत शिकण्यासाठी मी विद्यापीठात सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला आहे. त्यात जे शिकवलं होतं ते हेच. सुकरामभाऊंना ते कोणी शिकवलं नव्हतं.

पण त्या क्षणी मला कौतुक सुचलं नाही, हे कबूल करायला हवं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. तिसऱ्या वर्षाचे सगळे आकडे, एकाहत्तर पंप तीन तीन वेळा, म्हणजे दोनशे तेरा तपासण्या, सगळं बाद. मी दार लोटून घेतलं आणि त्यांना म्हणाले की आत्ता हे कोणाला सांगायला नको. प्रबंध एकदा सादर होऊ दे, मग आपण बघू. कोणाला कळणार नाही.

"कोनाले नाही कळनार," ते म्हणाले. "पन मॅडम, पोरायले आपन तीन वर्षं काय सांगून राहिलो? जो आकडा आला तोच लिवा. मंग माहा आकडा काऊन लपवाचा?"

मी दार उघडलं.

त्या दिवशी ते सगळ्यात आधी गेले हिमांशू सरांकडे. कॉम्प्युटरच्या खोलीत मुलं बसली होती, त्यांच्यासमोरच म्हणाले, सर, तुमचा मोबाईल बरोबर होता, चूक माझी होती. हिमांशू सरांचा स्वभाव तापट आहे. चार महिने फुकट गेल्याचा राग येणं साहजिक होतं. त्यांनी वही मागून घेतली, उभ्या उभ्या सगळी पानं वाचली आणि सुकरामभाऊंना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. जुना प्रोग्राम त्यांनी जपून ठेवला होता, तोच परत लावला.

माझ्या मार्गदर्शक बाईंना मी फोन केला तेव्हा मला बोलणी खायची तयारी होती. त्या म्हणाल्या, मुदत वाढवून घे, आणि ती वही जपून ठेव.

तपासणीत सुकरामभाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात पिकलेला, डाव्यात नुकता सुरू झालेला. सरकारी दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर तिसऱ्या आठवड्यात ते प्रयोगशाळेत आले, पहिल्यांदा एक फ्लास्क घेऊन तपासणी केली आणि निळ्या झालेल्या द्रावाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. एवढा निळा असतो का हा, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, आम्हाला तर नेहमी असाच दिसतो. ते हसले. मग कागद चिकटवून, चिठ्ठ्या काढून पुन्हा साठ वेळा तपासणी केली. दोन्ही डोळ्यांचे आकडे जुळले तेव्हाच त्यांनी पंपांची यादी हातात घेतली.

मुदत सहा महिन्यांची मिळाली होती. पंप सगळे पुन्हा करायचे होते. पण सुकरामभाऊंचं म्हणणं होतं की त्याआधी शाळांमध्ये जायला पाहिजे. मुलांच्या वह्यांवर मी लाल पेनने "चूक" असं लिहून पाठवलं होतं, सुकरामभाऊंच्या आकड्यांवरून. ते खोडायला हवं होतं. मी म्हणाले, पत्र पाठवू. ते म्हणाले, नाही, जाऊ.

दरेकशाला आम्ही लोकल गाडीने गेलो. स्टेशनपासून शाळेपर्यंत दोन किलोमीटर चालत, दोन्ही बाजूंना मोहाची झाडं. शाळेत दहावीच्या वर्गात टीना नावाची मुलगी होती. नववीत असताना ती पाणी तपासणाऱ्या गटाची प्रमुख होती. वही लाल होऊन परत गेल्यावर तिने गट सोडला होता. आपल्याला रंगच नीट दिसत नाही असं तिने शिक्षकांना सांगितलं होतं, आणि अकरावीला विज्ञान घ्यायचं नाही असं घरी ठरलं होतं. हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

सुकरामभाऊ फळ्याजवळ उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी वर्गासमोर उभं बघितलं नव्हतं. भाषण वगैरे काही नाही. त्यांनी शाळेच्या कपाटातून मुलांच्या वह्या मागवून घेतल्या, टीनाची वही उघडली आणि म्हणाले, "मागच्या वर्षी तुमी जे आकडे लिवले ते बरोबर होते. मी चुकलो होतो. माह्या डोऱ्यात मोतीबिंदू होता, मले मालूम नव्हतं. तुमचा डोरा चांगला हाये."

टीनाने विचारलं, चुकलात हे तुम्हाला कसं कळलं?

तो प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. सुकरामभाऊंनाही. त्यांनी ब्युरेट मागवली, कागदाची पट्टी चिकटवली आणि सगळा प्रयोग त्यांना करून दाखवला. पुढचा तासभर सगळा वर्ग एक एक डोळा मिटून रंग बघत होता. गोंडी, छत्तीसगढी, हिंदी, सगळ्या भाषांतून आकडे ओरडले जात होते. नऊच्या नऊ शाळांमध्ये आम्ही हेच केलं. लाल शेरे मी स्वतः खोडून खाली सही केली. टीनाने गट पुन्हा धरला. पुढच्या जूनमध्ये तिने सालेकशाला अकरावी विज्ञानात नाव घातलं.

दोनशे तेरा तपासण्या पुन्हा झाल्या. या वेळी मोबाईल, मुलं आणि सुकरामभाऊ, तिघांचे आकडे जवळ जवळ आले, आणि मुलांचे तर माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले. माझी ती अकरा पानं मी फाडली. त्या जागी सहावं प्रकरण आलं, खरा आकडा देणाऱ्या माणसाची तपासणी कशी करावी याचं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी इतर सगळं भराभर उरकलं आणि सहाव्या प्रकरणावर थांबले. विचारलं, हे कोणी केलं? मी नाव सांगितलं. त्यांना भेटायचं होतं. सुकरामभाऊंचं त्या वेळी प्रॅक्टिकल चालू होतं, म्हणून आम्ही सगळेच प्रयोगशाळेत गेलो. परीक्षक सरांनी कोट काढला, ब्युरेटवर कागद चिकटवून घेतला आणि त्याच, बाटलीवर आकडा लिहिलेल्या द्रावात स्वतः थेंब सोडायला लागले. सुकरामभाऊ हात मागे बांधून बघत उभे होते. सरांनी तोटी बंद केली.

"एक थेंब जास्त झाला, सर," सुकरामभाऊ म्हणाले.

कागद काढून बाटलीवरच्या आकड्याशी ताडलं, तर झालाच होता. परीक्षक सर मनापासून हसले, आणि त्यांनी अहवालात लिहिलं की या विद्यापीठात इतकं प्रामाणिक प्रकरण त्यांनी वाचलेलं नाही. ते वाक्य मी सुकरामभाऊंच्या घरी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सुमित्राबाईंनी मला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

त्या प्रकरणावरून आम्ही एक शोधनिबंध लिहिला. त्यावर तीन नावं घातली: माझं, हिमांशू सरांचं आणि सुकराम हरिणखेडे. नियतकालिकाकडून पत्र आलं की तिसऱ्या लेखकाचं पद चुकीचं लिहिलेलं दिसतं, दुरुस्त करून पाठवा. मी तेच पद पुन्हा लिहून पाठवलं: प्रयोगशाळा परिचर, रसायनशास्त्र विभाग. तसंच छापून आलं.

अंक आला त्या दिवशी मी तो त्यांच्या हातात दिला. निबंध इंग्रजीत होता, पण शेवटी पंपांची यादी होती, गावांच्या नावांसह. त्यांनी नाव छापलेलं पान एकदा बघितलं आणि मग यादी काढून बोट फिरवत सावकाश वाचू लागले. एका जागी थांबले. बोदलकशाचा चौथा पंप मंदिराजवळ नाही, सोसायटीच्या गोदामाजवळ आहे, म्हणाले. मी त्याच दिवशी दुरुस्तीचं पत्र पाठवलं.